गाडी चालवताना मोबाइल: चौकात उभं राहून मोजणी कशी करायची

रस्ता सुरक्षेवर प्रोजेक्ट करायचं ठरलं की बहुतेक गट पहिल्याच दिवशी गूगल फॉर्म बनवतात. ‘तुम्ही गाडी चालवताना मोबाइल वापरता का?’ हो, नाही, कधीकधी. फॉर्म मित्रांना जातो, मावश्या-काकांना जातो, दोनशे उत्तरं येतात, पाय चार्ट निघतो आणि प्रोजेक्ट संपतो. त्यातून कळतं ते इतकंच, की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपमधली माणसं स्वतःबद्दल काय कबूल करायला तयार आहेत. रस्त्यावर काय चाललंय हे बघायला रस्त्यावरच जावं लागतं. चार जण, चार पॅड, पेन्सिली, घड्याळ आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हे काम होतं. इंजिनिअरिंगची, मानसशास्त्राची किंवा समाजकार्याची मुलंमुली, एनएसएसचे गट, आपल्या नाक्यावरच्या रोजच्या प्रकारांना वैतागलेले रहिवासी, कुणालाही करता येईल अशी ही पद्धत आहे.

आधी सरकारी आकडा वाचा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातल्या अपघातांचा अहवाल काढतं. 2021 सालच्या अहवालात 4,12,432 अपघात आणि 1,53,972 मृत्यू आहेत. त्यातले मोबाइलच्या वापरामुळे झालेले म्हणून नोंदलेले अपघात 1,997, मृत्यू 1,040. म्हणजे मरणाऱ्या शंभरांत एकसुद्धा नाही. हा आकडा जसाच्या तसा उचलून ‘भारतात मोबाइलमुळे फारसे अपघात होत नाहीत’ असं लिहिणारे आहेत, आणि तिथेच त्यांचा अभ्यास घसरतो.

हा आकडा कसा तयार होतो ते बघा. अपघात झाल्यावर पोलीस पोचेपर्यंत फोन खिशात गेलेला असतो. चालक जिवंत असेल तर ‘मी फोनवर होतो’ असं आपणहून सांगणार नाही. गेला असेल तर सांगायला उरलेला नाही. कॉलचा तपशील मोबाइल कंपनीकडून मागवता येतो, पण प्रत्येक अपघातात तेवढा खटाटोप कोण करणार? शिवाय तक्त्यात एका अपघाताला एकच कारण बसतं. मेसेज वाचत वाचत ऐंशीच्या वेगाने धडकलेला माणूस ‘अतिवेग’ या रकान्यात जातो, आणि त्या एका रकान्यात साधारण सत्तर टक्के मृत्यू असतात. आता घटनास्थळीच मोबाइल ॲपवर माहिती भरण्याची ‘आयरॅड’ ही प्रणाली आली आहे. आयआयटी मद्रास आणि एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) यांनी ती तयार केली. जागा आणि वेळ त्यातून नीट नोंदली जाते. चालकाचं लक्ष त्या क्षणी कुठे होतं, हे मात्र कुठलंही ॲप नंतर शोधून देऊ शकत नाही.

म्हणून सरकारी आकडा प्रस्तावनेत द्या, त्याच्या मर्यादेसकट द्या, आणि पुढे चला.

मग चार-पाच अभ्यास ओळखीचे करून घ्या

शेकडो पेपर वाचायची गरज नाही. या विषयात प्रश्न विचारायच्या मोजक्याच रीती आहेत. प्रत्येकीचा एकेक चांगला नमुना माहीत असला की आपण काय करतोय आणि काय करत नाही आहोत, हे समजतं.

पहिला नमुना टोरंटोचा. डॉनल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी 1997 मध्ये अपघात झालेल्या, मोबाइल बाळगणाऱ्या 699 चालकांची फोनची बिलं तपासली. एकूण 26,798 कॉल. तुलना कुणाशी केली? त्याच चालकाशी. अपघाताच्या आधीच्या काही मिनिटांत हा माणूस फोनवर होता का, आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला होता का? माणूस तोच राहिल्यामुळे ‘फोनवर बोलणारे मुळातच बेफिकीर असतात’ ही पळवाट बंद झाली. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रुग्णालयात आलेल्या 456 जखमी चालकांवर तसाच अभ्यास झाला, तिथेही उत्तर चौपटच. दोन्हीकडे हँड्सफ्रीने धोका कमी झाल्याचं दिसलं नाही.

दुसरी रीत सिम्युलेटरची, म्हणजे पडद्यावरच्या रस्त्यावर गाडी चालवायला लावणाऱ्या यंत्राची. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी तीच माणसं एकदा फोनवर बोलताना आणि एकदा दारू प्यायलेल्या अवस्थेत बनावट रस्त्यावर गाडी चालवताना तपासली. हा पेपर 2006 चा. फोनवाल्यांचा ब्रेक उशिरा लागत होता. रक्तातल्या दारूची पातळी तिथल्या तेव्हाच्या कायद्याच्या मर्यादेएवढी, 0.08 टक्के ठेवली होती, आणि आपल्याकडची मर्यादा 0.03 आहे, हे लिहायला विसरू नका. आपल्या घराजवळचं काम हवं असेल तर आयआयटी मुंबईत पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलगा यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेलं आहे. सिम्युलेटरमध्ये अचानक पादचारी समोर आला तर प्रतिसादाला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजलं. साध्या गप्पांनी तो वेळ 40 टक्क्यांनी वाढला, डोकं लावावं लागेल अशा बोलण्याने 95, साध्या टायपिंगने 137 आणि अवघड टायपिंगने 204 टक्क्यांनी.

तिसरी रीत म्हणजे माणसाच्या स्वतःच्या गाडीत कॅमेरे बसवायचे आणि त्याला नेहमीसारखं चालवू द्यायचं. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक संस्थेने शंभर गाड्यांवर हे वर्षभर केलं. 2006 च्या त्यांच्या अहवालानुसार जवळपास 80 टक्के धडकांमध्ये त्याच्या आधीच्या तीन सेकंदांत चालकाचं लक्ष रस्त्यावरून उडालेलं होतं. त्याच संस्थेच्या ट्रकचालकांवरच्या पाहणीत मेसेज टाइप करताना धोका 23 पट निघाला. दर सहा सेकंदांतले साधारण 4.6 सेकंद डोळे फोनवर होते. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने 4.6 सेकंदांत गाडी सुमारे 77 मीटर जाते. कबड्डीची जवळपास सहा मैदानं एकापुढे एक मांडा, आणि तेवढं अंतर डोळे मिटून गाडी चालली आहे असं समजा.

इथे एक गोम आहे, आणि नवख्यांच्या निबंधांत ती हमखास गाळलेली असते. कॅमेऱ्याच्या अभ्यासांत नुसतं बोलण्याने धोका फारसा वाढलेला दिसत नाही. वाढतो तो नंबर लावताना, फोनकडे हात नेताना, स्क्रीनकडे बघताना. सिम्युलेटर आणि फोनबिलांचे अभ्यास बोलण्यालाही दोषी धरतात. बोलताना माणूस आपसूक वेग कमी करतो का, अंतर वाढवतो का, बिलावरून वेळ जुळवताना गल्लत होते का, यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर टायपिंग आणि स्क्रीन याबद्दल शंकेला जागाच नाही. बोलण्याबद्दल लिहिताना मात्र कुठल्या प्रकारच्या अभ्यासातला आकडा आहे, ते सांगूनच लिहा.

आपण करणार आहोत ती चौथी रीत: रस्त्याकडेची पाहणी. ‘धोका किती?’ याचं उत्तर ती देत नाही. ‘किती जण करतात?’ याचं देते. हा फरक शेवटपर्यंत डोक्यात असू द्या.

‘मोबाइल वापर’ म्हणजे नेमकं काय, ते लिहून काढा

चार जणांना विचारा, पाच व्याख्या मिळतील. म्हणून चौकात जायच्या आधी टेबलाशी बसून प्रकार ठरवा. आपल्या रस्त्यांवर साधारण हे दिसतात: फोन हाताने कानाला लावलेला, मान एका बाजूला कलती करून खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला, हेल्मेटच्या आत गालाशी खुपसलेला, हातात धरून स्क्रीन बघणं किंवा टाइप करणं, स्पीकर चालू करून फोन तोंडापुढे आडवा धरणं, हँडलवरच्या किंवा डॅशबोर्डवरच्या स्टँडला लावलेल्या फोनवर बोट फिरवणं, आणि कानात इअरफोन.

शेवटचा प्रकार वेगळा ठेवा. इअरफोन दिसला म्हणजे बोलणं चालू आहे असं नाही. गाणी असतील, नकाशाच्या सूचना असतील, काहीच नसेल. ओढणी किंवा स्कार्फ बांधला असेल तर तोही दिसत नाही. स्टँडवर फोन नुसता असणं आणि त्याला हात लावणं हेही दोन वेगळे रकाने. डिलिव्हरीवाल्यांच्या बाबतीत तर हे फारच जपा. त्यांच्या हँडलवर फोन असणारच, ते त्यांचं काम आहे. तो दिसला की खूण केलीत तर तुमची सगळी पाहणी त्या एका व्यवसायाविरुद्धचा पुरावा होऊन बसेल.

कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवा, पण व्याख्या त्यावरून उचलू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातात धरून फोन वापरणं धोकादायक चालवण्यात मोडतं. 2020 च्या नियमांनुसार रस्ता बघण्यापुरता फोन चालतो, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. संशोधनाच्या दृष्टीने मात्र लक्ष उडण्याचे तीन मार्ग आहेत, डोळे हटणं, हात हटणं, मन हटणं. कायद्याला मुख्यतः हात दिसतो.

जागा, वेळ आणि उभं कुठे राहायचं

सगळ्यात सोयीचा चौक म्हणजे कॉलेजच्या गेटसमोरचा, आणि म्हणूनच तो एकटा घेऊ नका. शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या शक्य त्या सगळ्या चौकांची यादी करा, मोठे रस्ते आणि आतले रस्ते असे दोन भाग करा, आणि प्रत्येकातून चिठ्ठ्या टाकून दोन-तीन उचला. चिठ्ठ्या पोरखेळ वाटतील, पण ‘हेच चौक का?’ या प्रश्नाला त्याहून चांगलं उत्तर नाही.

वेळाही आधीच ठरवा: सकाळी ऑफिसची गर्दी, भर दुपार, संध्याकाळ, कामाचे दिवस आणि रविवार. अंधारात गाडीच्या आतलं दिसत नाही, म्हणून ही पाहणी दिवसाउजेडीच होते. पावसाळ्यात रेनकोट आणि धुकट काचांमुळे सगळाच हिशेब बदलतो. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर टाळा, नाहीतर पावसाची वेगळी नोंद ठेवा.

सिग्नलला थांबलेल्या गाड्या मोजणं सोपं असतं. अमेरिकेतली सरकारी वार्षिक पाहणीसुद्धा सिग्नल किंवा थांब्याची पाटी असलेल्या चौकांतच होते. पण लाल दिव्याला थांबल्यावर फोन काढणारे आणि चालत्या गाडीवर फोन काढणारे यांची भेळ करू नका. लाल दिव्याचा उलटा काउंटर नव्वदवरून खाली येऊ लागला की फोन बाहेर येतात, आणि तीन-दोन-एक झालं तरी काही जण अजून वाचतच असतात. गाडी थांबलेली की चालती, हा रकाना हवाच. जमलं तर चौकाच्या शंभर-दीडशे मीटर आधी, चालत्या रहदारीसाठी वेगळी जोडी उभी करा.

उभं राहायचं ते फुटपाथवर किंवा एखाद्या दुकानाच्या पायरीवर, दुकानदाराला विचारून. डिव्हायडरवर नाही, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर तर अजिबात नाही. हायवे नवख्यांनी घेऊच नये. जवळच्या वाहतूक शाखेला कॉलेजच्या लेटरहेडवर आधी कळवा आणि पत्राची पोच खिशात ठेवा. एक गोष्ट मात्र पाळा: चौकात हवालदार उभा असेल त्या वेळची नोंद वेगळी ठेवा. खाकी दिसली की फोन खाली जातात. तुमच्या अंगातलं फ्लुरोसंट जॅकेटही लोकांना पोलिसांचं वाटू शकतं. साधे कपडे, हातात पॅड, एवढंच पुरे.

नोंदीचा कागद

एका ओळीत एक वाहन. रकाने थोडे ठेवा, कारण एका गाडीसाठी तुमच्या हाताशी तीन-चार सेकंद असतात: वाहनाचा प्रकार, थांबलेलं की चालतं, हेल्मेट किंवा सीटबेल्ट, सोबत कुणी आहे का, फोनचा प्रकार. आणि एक रकाना कधीही विसरू नका: ‘दिसलं नाही’. ट्रकची केबिन उंच असते, काचेवर उन्हाची तिरीप येते, मध्येच बस आडवी येते. असं वाहन ‘फोन नाही’ मध्ये टाकलंत तर टक्केवारी गुपचूप खाली येते.

गाड्यांचे नंबर लिहू नका. फोटो किंवा व्हिडिओ काढू नका. आपल्याला कुणाला पकडायचं नाही, प्रमाण काढायचं आहे.

प्रत्येक गाडी टिपता येत नाही, मग कुठली टिपायची? नजर आपोआप फोनवाल्याकडे जाते, हा या कामातला सगळ्यात मोठा धोका. उपाय सोपा आहे. एक लेन निवडा, एक विजेचा खांब निवडा. एका वाहनाची नोंद संपली, पेन्सिल वर आली, की त्यानंतर खांब ओलांडणारं पहिलं वाहन घ्यायचं. ते कंटाळवाणं असलं तरी, आणि मागून एखादा महाभाग दोन्ही हातांनी टाइप करत येत असला तरी.

दोघांची जुळणी तपासा

खऱ्या मोजणीआधी सराव करा. दोघांनी शेजारी उभं राहून तीच शंभर वाहनं, एकमेकांच्या कागदात न डोकावता नोंदायची. समजा, 6 वाहनांवर दोघांनीही ‘फोन’ लिहिलं, 88 वर दोघांनी ‘नाही’, आणि 6 वर मतभेद झाले, प्रत्येकाने जास्तीचे 3 धरले. एकमत 94 टक्के! पण उड्या मारू नका. फोनवाले मुळात कमी असल्यामुळे दोघांनी डोळे झाकून खुणा केल्या असत्या तरी बरंचसं जुळलं असतं. प्रत्येकाने 9 वेळा ‘हो’ म्हटलंय. तेव्हा योगायोगाने जुळण्याचं प्रमाण 0.09 गुणिले 0.09 अधिक 0.91 गुणिले 0.91, म्हणजे 0.836. आता 0.94 मधून हे वजा करा, आणि 1 मधून 0.836 वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. उत्तर सुमारे 0.63. याला कोहेनचा कॅपा म्हणतात. 0.63 म्हणजे ठीकठाक. 0.8 च्या आसपास येईपर्यंत मतभेदाची वाहनं आठवून चर्चा करा. बहुतेक वेळा घोळ खांदा-कानवाल्यांचा आणि हेल्मेटवाल्यांचा असतो. मात्र शंभर वाहनांत फोनवाले फार थोडे मिळतात, एकदोन मतभेदांनी कॅपा बराच हलतो. दोनशे-तीनशे घेतलीत तर बरं.

किती वाहनं पुरतील

फोनवाल्यांचं प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास असेल आणि दोन टक्के इकडेतिकडे चालत असेल तर साधारण 700 वाहनं लागतात. 700 पैकी 56 जण फोनवर दिसले तर अहवालात ‘8 टक्के’ एवढंच लिहू नका. ‘8 टक्के, अंदाज 6 ते 10 च्या दरम्यान’ असं लिहा. एकाच चौकातल्या गाड्या एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे खरी अनिश्चितता याहून थोडी जास्तच असते. म्हणून एका चौकात सातशे मोजण्यापेक्षा सात चौकांत शंभर-शंभर बरे.

मोहिमेआधी आणि मोहिमेनंतर अशी तुलना करायची असेल तर हीच संख्या अपुरी पडते. आधी 8 टक्के, नंतर 6 टक्के, दोन्ही वेळा सातशे वाहनं: एवढ्यावर ‘जनजागृतीमुळे मोबाइल वापर घटला’ असं म्हणता येत नाही, कारण दोन टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. तो खात्रीने पकडायला प्रत्येक वेळी अडीच हजारांच्या आसपास वाहनं मोजावी लागतात. रस्ता सुरक्षा अभियानाच्या समारोपात जे ‘घट झाली’चे दावे होतात, त्यातल्या किती जणांनी अडीच हजार मोजले असतील, हा प्रश्न मनातच ठेवा. शिवाय ज्या चौकात मोहीम झालीच नाही असा एक चौकही दोन्ही वेळा मोजा. परीक्षा, सण, पेट्रोलचा भाव, कशानेही रहदारी बदलते.

लिहिताना

तुमची टक्केवारी ही किमान आहे, कारण ब्लूटूथवर बोलणारा, मांडीवरच्या फोनकडे चोरून बघणारा, विचारात हरवलेला, यांतला कुणीच तुमच्या कागदावर आला नाही. हे स्पष्ट लिहा. ‘दिसलं नाही’ची टक्केवारीही द्या. दुचाकी, रिक्षा, कार, ट्रक यांची एकत्र सरासरी काढण्याआधी वेगवेगळे आकडे दाखवा.

‘तरुण जास्त वापरतात’, ‘बायका जास्त वापरतात’ असली वाक्यं तीन सेकंदांच्या नजरेवर उभी करू नका. हेल्मेटच्या आतलं वय कुणालाच कळत नाही. आणि ‘8 टक्के फोनवर होते, म्हणून 8 टक्के अपघात फोनमुळे’ ही उडी तर कुणीही मारू नये.

अजून पुढे जायचा मोह होईल: मित्राला फोन करायचा, तो बाइक चालवत असताना त्याचा ब्रेक मोजायचा. हे कधीही करू नका, रिकाम्या मैदानातसुद्धा नाही. तसे प्रयोग सिम्युलेटरवर, संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीच्या परवानगीनेच होतात. मुलाखती घ्यायच्या असतील तर ‘तुम्ही फोन वापरता का?’ ऐवजी ‘शेवटचा फोन गाडीवर असताना आला तेव्हा कुणाचा होता, काय केलंत?’ असं विचारा. बरेच जण घरून किंवा साहेबांकडून आलेला कॉल सांगतील, आणि फोन करणाऱ्याचाही यात वाटा आहे हे तुमच्या अहवालात येईल.

अहवाल झाला की त्याची एक प्रत वाहतूक शाखेला द्या, एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. चौकवार तक्ता पहिल्या पानावर घ्या, कारण बैठकीत तेवढंच पान उघडलं जातं. मूळ कागद स्कॅन करून विभागात ठेवा, आणि सोबत चौक, रस्त्याची बाजू, कुठला खांब, कुठली लेन, तारीख, वेळ आणि हवामान लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गटाला त्याच खांबाशी उभं राहून मोजता येईल.